देवराव आचाऱ्याचं वॉरंट

देवराव गुरनुलेंच्या हातचा भात आयुष्यात एकदाच करपला. पोंभुर्णा तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या दहा-बारा गावांत त्याची साक्ष देणारे लोक आहेत, कारण तो करपलेला भात त्यांनी खाल्ला आहे. तो का करपला हे सांगायचं तर आधी देवराव कोण हे सांगायला हवं.

साठीला टेकलेला, अंगानं बारीक माणूस. घरी धानाची थोडी शेती. पण ओळख आचारी म्हणून. लग्न, तेरवी, नामकरण, सप्ताहाची समाप्ती, कुठलीही पंगत असो, भट्टी देवरावांची. पाचशे माणसांचा भात गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजत असताना ते झाकण उघडत नाहीत. वाफेच्या वासावरून सांगतात. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळताना कुणाशी बोलत नाहीत. पंगत उठेपर्यंत जेवत नाहीत. वाढप्यांवर ओरडतात, बायकांवर नाही. उधारीवर कांदे आणणाऱ्या यजमानालाही तेवढंच चांगलं जेवण करून घालतात. एवढ्या माणसाचं एकच वैगुण्य लोकांना माहीत आहे. भाताला नाव ठेवलेलं त्यांना चालत नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी गावातल्या एका तेरवीला हे वैगुण्य उघड झालं. दुसऱ्या पंगतीत लटारू मोहुर्ले बसले होते. देवरावांच्याच वयाचे, चार घरं सोडून राहणारे, जिभेनं तिखट. त्यांनी भाताचं शीत दोन बोटांत दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आचारी, भात अर्धकच्चा हाय गा. मेलेल्यासाठी शिजवला का जित्यासाठी?"

पंगत हसली. देवरावांच्या हातात वडे तळायचा लोखंडी झारा होता, हातभर लांब. तो त्यांनी फिरवला. लटारूंनी डोकं वाचवायला डावा हात वर केला. हाताचं हाड मोडलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. ग्रामीण रुग्णालय, प्लास्टर, पोलीस ठाण्यात फिर्याद, जुन्या कायद्यातलं कलम तीनशे पंचवीस. झारा मुद्देमाल म्हणून जप्त झाला. गुन्हा जामीनपात्र होता, त्यामुळे देवराव त्याच दिवशी जामिनावर घरी आले. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर दोन-तीन तारखांना एसटीनं जाऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभेही राहिले.

मग गावानं आपल्या रीतीनं ते प्रकरण संपवलं. या भागात दोन घरांचं वैर वाढलं की वडीलधारी माणसं दोघांना एका ओळीत जेवायला बसवतात. भाकरीचा तुकडा एकानं दुसऱ्याच्या ताटात ठेवायचा. त्या जेवणानंतर भांडणाचं नाव काढायचं नाही; जो काढील त्यानं जेवण उकिरड्यावर फेकलं असं समजतात. प्लास्टर निघालं त्या महिन्यात हे जेवण झालं. स्वयंपाक देवरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी केला. देवरावांना त्या दिवशी चुलीकडे फिरकू दिलं नाही. लटारूंनी भात दोनदा मागून घेतला.

तेव्हापासून दोघांची जोडी आहे. देवरावांची भट्टी जिथे लागेल तिथे जमिनीत लांब चूल खोदायचं काम लटारूंचं. हात जरा वाकडा जुळला आहे, पण कुदळ चालते. पंगतीत भाताची टोपली घेऊन फिरतात तेही लटारूच.

आणि म्हणूनच देवराव पुढच्या तारखेला गेले नाहीत. ज्याचा हात मोडला तो शेजारी बसून जेवला; आता कोर्टात जाऊन उभं राहायचं म्हणजे ते जेवण मानलं नाही असं दाखवायचं, असा त्यांचा हिशेब होता. कोर्टाला हे कुणी कळवलं नाही. कळवायला हवं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

कोर्टानं आपलं काम केलं. आरोपी गैरहजर म्हणून आधी जामीनपात्र वॉरंट, मग बिगरजामिनी. मधल्या काळात हवालदार गावात आलेही. तिन्ही वेळा देवराव दुसऱ्या गावी भट्टीवर होते. "जुनी केस आहे, निरोप द्या," असं हवालदारानं सांगितलं की ऐकणारा मान डोलवायचा आणि निरोप द्यायचा नाही. निरोप द्यायचा तर भांडणाचं नाव काढावं लागलं असतं.

यंदा देवरावांच्या धाकट्या मुलीचं, रंजीताचं लग्न फेब्रुवारीअखेरचं ठरलं. मुलगा वरोऱ्याचा, तिथल्या अडत्याकडे हिशेब लिहिणारा. बाजारपेठेतली माणसं, चारचौघांत वावरलेली. देवराव मनकर्णाबाईंना म्हणाले, "पंगत अशी वाढीन का वरोरेवाले घरी जाऊन झोपणार नाई, जेवणाचंच बोलत बसतीन."

लग्नाच्या आधीच्या रविवारी पोलीस पाटील सायकल टेकवून अंगणात बसले. निवडणुका तोंडावर होत्या. अशा वेळी ठाण्यांना जुनी वॉरंटं बजावून मोकळं व्हायचा हुकूम असतो. ठाण्यातल्या बैठकीत हवालदारानं यादी वाचून दाखवली होती.

"गुरनुले म्हणून एक नाव होतं," पाटील म्हणाले. "देवराव म्हटलं का देविदास, मले बरोबर ऐकू नाई आलं. पंखा लै आवाज करे."

गावात अर्धी घरं गुरनुल्यांची. देवराव तिघे. पण देवरावांच्या हातातला सुपारीचा अडकित्ता थांबला. मुलगी लग्नाला उभी आहे, वरोऱ्याची वरात मांडवात आहे आणि पोलीस आपल्याला भट्टीवरून उठवून नेताहेत, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं, असं ते नंतर सांगत. अडकित्ता तसाच ठेवून ते उठले. आत जाऊन निजले.

रंजीता बी.कॉम. झालेली. तिनं विचारलं, "माय, खरंच कोणती केस होती का वो बाबाची?"

मनकर्णाबाईंनी आधी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "होती. मी नाव घेऊन नाई राह्यली, तू विचारलं म्हणून सांगून राह्यली."

गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते. मायलेकी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. न्यायालयांच्या प्रकरणांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ आहे, हे रंजीताला कॉलेजातल्या शिबिरात कळलं होतं. त्यावर राज्य, जिल्हा आणि तालुक्याचं कोर्ट निवडलं की पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. नाव टाकायचं, वर्ष टाकायचं, प्रकरण चालू आहे की निकाली ते सांगायचं, आणि चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं जशीच्या तशी लिहायची. गुन्हा क्रमांक माहीत असला तर ठाणं आणि वर्ष टाकून त्यावरूनही सापडतं. इथे तो कुणालाच माहीत नव्हता.

"वर्ष कोणतं?" रंजीतानं विचारलं.

"शाळेवर स्लॅब पडला त्या साली."

"माय, तिथं स्लॅब नाई टाकता येत."

शेवटी दोन-तीन वर्षं टाकून पाहिली. एका वर्षी ओळ आली. सरकार विरुद्ध देवराव गुरनुले. कलम तेच, ठाणं तेच. बाकीच्या दोन देवरावांवर हाड मोडल्याचा आळ कधी आलेला नव्हता, त्यामुळे शंका उरली नाही. खाली प्रकरणाचा टप्पा लिहिला होता, इंग्रजीतली तीन अक्षरं. रंजीताला त्यांचा अर्थ कळेना. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर रंगवलेला होता. तिथून तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीवरच्या वकील संघप्रिया खोब्रागडे यांचा नंबर मिळाला.

खोब्रागडे वकील रविवारीही फोन उचलतात. त्यांनी ऐकून घेतलं.

"ती तीन अक्षरं म्हणजे बिगरजामिनी वॉरंट," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका. संकेतस्थळावर फक्त प्रकरणाचा टप्पा दिसतो, वॉरंट दिसत नाही. ते कोर्टातून निघालं का, कोणत्या ठाण्यात पोचलं, कुणाच्या हातात आहे, हे दोनच जागी कळतं. कोर्टाच्या फाइलमध्ये, नाहीतर ठाण्याच्या वॉरंट रजिस्टरमध्ये. फाइल मी उद्या काढायला सांगते. ठाण्यात कुणीतरी जाऊन विचारा. बाबांना पाठवू नका."

"काऊन?"

"विचारायला जातील आणि तिथेच ठेवून घेतील. पोलिसांना ते करावंच लागतं." मग म्हणाल्या, "मार खाल्लेला माणूस आहे का अजून? त्यानं विचारलं तर सगळ्यात चांगलं. आपल्या फिर्यादीचं काय झालं हे विचारायचा त्याला हक्क आहे. आणि हे कलम तडजोडीनं मिटतं, कोर्टाची परवानगी लागते. पण त्याला स्वतः कोर्टात यावं लागेल."

घरी येऊन रंजीतानं हे सांगितलं, तेव्हा देवराव उठून बसले.

"लटारूले विचारायचं? कोणत्या तोंडानं? त्याच्या संग जेवलो मी."

"बाबा, वॉरंट हाय."

"असू दे. मले धरून नेतीन त नेतीन. जेवण नाई मोडणार मी."

त्या संध्याकाळी ते लटारूंच्या घरी गेले मात्र. लग्नाच्या पहिल्या अक्षता हातात घेऊन गेले, त्या दिल्या, बिडी ओढली, पावसाळ्यातल्या धानाविषयी बोलले आणि परत आले. लटारूंनी बायकोला विचारलं, "याले काय झालं? फेब्रुवारीत पावसाळ्याचं बोलून राह्यला."

सोमवारी सकाळी लटारू चुलीची जागा आखायला आले. मांडवाच्या मागे, वाऱ्याकडे पाठ करून. देवराव बाजारातून तेल आणायला गेले होते. मनकर्णाबाईंनी चहा आणून ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"लटारूभाऊ, जेवण मोडायचं पाप मी घेऊन राह्यली. मले माफ करा."

लटारूंनी कुदळ खाली ठेवली. मनकर्णाबाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता लटारूंचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे माह्या हातासाठी याले धरतीन? हात माहा, हाड माहं, अन् मलेच कोणी विचारलं नाई?"

"नाव नाई काढायचं म्हणून..."

"नाव त्यानं नाई काढायचं. मी काढू शकतो ना! मार मी खाल्ला." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "कालच सांगता येत नव्हतं का त्याले? पावसाळा सांगून राह्यला मले, लेकाचा."

ठाण्यात हवालदार बिरजू आत्राम बसले होते. समन्स आणि वॉरंट बजावण्याचं काम त्यांच्याकडे. या भागातला प्रत्येक रस्ता आणि बहुतेक कुत्री त्यांच्या ओळखीची. लटारूंनी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, "साहेब, मी फिर्यादी होय. माह्या केसचं काय झालं?"

आत्रामांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. "देवराव गुरनुले. बिगरजामिनी. हे तर माझ्याच हातात हाय." मग चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं आले तुम्ही. तीनदा गावात गेलो, एकदा बी भेटला नाई. देवराव तिघे, कोणता ते बी कोणी सांगत नाई. चला, आत्ताच जाऊ. तुम्ही दाखवा."

हे लटारूंच्या हिशेबात नव्हतं.

"आत्ता? आत्ता तो नाई घरी. तेल आणाले गेला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी त्याच्या घरीच होतो जी. चूल खंदून राह्यलो होतो."

"कोणाच्या घरी?"

"देवरावच्या."

"ज्यानं तुमचा हात मोडला त्याच्या?"

"हो जी. पोरीचं लग्न हाय ना त्याच्या. रविवारी." आणि मग, वाक्य संपलं आहे हे लक्षात न येऊन, "वडे हायेत. तुम्ही बी या."

आत्रामांनी रजिस्टर मिटलं नाही, पण बोट काढलं. टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं.

"हे पाहा, मोहुर्लेभाऊ. वॉरंट माझ्याकडे हाय, मला ते बजावावं लागते. यात माझी मर्जी नाई. या आठवड्यात माझ्याकडं बाहेरचा बंदोबस्त हाय. तुमच्या बाजूची फेरी शनिवारी. शनिवारी मी येणार म्हणजे येणार. कोर्ट शुक्रवारपर्यंत चालू असते." ते थांबले. "समजलं का काही?"

"समजलं जी."

"मी काही सांगितलं नाई."

"नाई जी."

खोब्रागडे वकिलांना फाइल जुन्या कागदांच्या खोलीतून मिळायला दोन दिवस लागले. शुक्रवारी प्रकरण पुकारलं गेलं. फिर्यादी आणि आरोपी एकाच मोटारसायकलवर बसून आले. गाडी लटारूंची, मागे देवराव, मांडीवर लग्नाच्या पत्रिकांची पिशवी, कारण वाटेत दोन घरी द्यायच्या होत्या. वकिलीणबाईंनी त्यांना ताकीद दिली होती की विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

न्यायाधीश तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनी फाइलवरची तारीख दोनदा पाहिली.

"इतकी वर्षं हजर का राहिला नाहीत?"

"याच्या संग जेवलो होतो, मॅडम," देवराव म्हणाले.

"मग?"

देवरावांना यापुढे काही सांगायचं उरलं आहे असं वाटलं नाही. खोब्रागडेंनी जेवणाची रीत समजावून सांगितली. न्यायाधीश ऐकत राहिल्या. मग लटारूंकडे वळल्या.

"ही तडजोड तुम्ही स्वखुशीनं करताय? कुणाचा दबाव?"

"दबाव कायचा जी? पेट्रोल बी मीच टाकलं."

"भांडण कशावरून झालं होतं?"

"भातावरून. अर्धकच्चा होता."

"नव्हता," देवराव म्हणाले.

"देवराव, होता गा."

"अरे, नव्हता! वाफ जिरू दिली नाई तुम्ही. पंगत आधीच बसवली, त्याले मी काय करू?"

"मॅडम," खोब्रागडे घाईनं म्हणाल्या, "तडजोड कायम आहे."

न्यायाधीशांनी खाली पाहून लिहायला सुरुवात केली आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. वॉरंट रद्द झालं. गैरहजेरीबद्दल दंड झाला आणि कडक शब्दांत समज मिळाली: गावात मिटलं तरी कोर्टात येऊन सांगायचं असतं. तडजोडीला परवानगी मिळाली. प्रकरण संपलं.

व्हरांड्यात खोब्रागडे वकिलांनी दोघांना उभं करून सांगितलं, "अजून एक काम राहिलंय. वॉरंट रद्द झालं हे कोर्टाला माहीत आहे, ठाण्याला नाही. तसं पत्र घ्या आणि स्वतः ठाण्यात नेऊन द्या. ते पोचेपर्यंत त्यांच्या रजिस्टरात तुम्ही आरोपीच आहात."

पत्र तयार व्हायला वेळ होता. सही करणारे साहेब दुसऱ्या कामात होते. देवरावांनी आभाळाकडे पाहिलं. घरी हळदीच्या जेवणाची डाळ भिजत घालायची होती, वड्यांची बरबटी निवडायची होती.

"सोमवारी नेऊ," ते म्हणाले.

"देवराव, मॅडमनं काय सांगितलं?"

"अरे, केस संपली ना! मॅडमनं स्वतः लिहिलं. आता कोण येते?"

शनिवारी सकाळी अंगणात हळद सुरू होती. रंजीताच्या तोंडावर, हातांवर, कानांच्या पाळ्यांवर हळद. मांडवाच्या मागे लटारूंनी खोदलेल्या चुलीवर हळदीच्या जेवणाचा भात चढला होता. बिरजू आत्रामांची मोटारसायकल येऊन थांबली. ते गणवेशात होते, हातात कागद. वरोऱ्याहून हळद घेऊन आलेल्या तिघी बायका मांडवाच्या खांबापाशी सरकल्या.

मनकर्णाबाईंनी तांब्या पुढे केला. आत्रामांनी मान हलवली. "नको, बाई. ड्युटीवर हावो."

ज्याच्यावर वॉरंट बजावायचं त्याच्या घरचं पाणी ते घेत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही. त्यांनी स्वतः केलेला आहे. गावातल्यांना तो लगेच कळला.

"केस संपली जी," लटारू पुढे झाले. "काल. मॅडमनं लिहिलं."

"पत्र?"

लटारूंनी देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी जमिनीकडे.

"सोमवारी आणणार होतो," देवराव म्हणाले.

"भाऊ, आज चौथा शनिवार. कोर्ट बंद. मी तुम्हाला नेलं तर उद्या सुट्टीच्या दिवशी बसणाऱ्या साहेबांपुढे उभं करावं लागन." आत्राम हे रागानं म्हणत नव्हते. "अन् नाई नेलं, अन् केस संपलेली नसली, तर माझी नोकरी."

उद्या म्हणजे रविवार. देवरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "लग्न लागू द्या साहेब, मंग मी स्वतः चालत येतो."

"काका," रंजीता मधेच म्हणाली, आत्रामांना, "टाकीपाशी चला. मी दाखवते."

मग सगळे पाण्याच्या टाकीकडे निघाले. पुढे हळद लावलेली नवरी, तिच्यामागे हवालदार, आरोपी आणि फिर्यादी, त्यांच्यामागे मनकर्णाबाई, वरोऱ्याच्या तिघी आणि निम्मं गाव. रंजीताला पिवळ्या बोटांनी मोबाइल उघडेना. स्क्रीन बोट ओळखत नव्हती. तिनं लटारूंच्या धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. राज्य, जिल्हा, कोर्ट. नाव. वर्ष आता पाठ होतं. चालू प्रकरणांत शोधलं, काहीच आलं नाही. लटारू म्हणाले, "गेली का केस?" रंजीता म्हणाली, "थांबा ना काका." तिनं 'निकाली' वर बोट ठेवलं. चाक फिरत राहिलं. रेंजची एक काडी गेली. वरोऱ्याच्या तिघींतल्या एकीनं तिला टाकीच्या पायरीवर चढवलं. ती मोबाइल डोक्याच्या वर धरून उभी राहिली, आणि खाली सगळे माना वर करून.

"आलं," ती म्हणाली.

आत्रामांनी मोबाइल घेतला, चष्मा वर केला आणि ओठ हलवत वाचलं. सरकार विरुद्ध देवराव गुरनुले. निकाली. कालची तारीख. तडजोड.

"हे कागद नव्हे," ते म्हणाले. "मोबाइलवर वॉरंट रद्द होत नाई." आणि स्वतःचा मोबाइल काढून कोर्टात कामाला असलेल्या आपल्या खात्याच्या शिपायाला लावला. तो घरी झोपलेला होता. दोन-तीनदा "हो का? नक्की? कोणत्या साहेबांनी?" झालं. मग आत्रामांनी हातातल्या वॉरंटाच्या मागे पेनानं काहीतरी लिहिलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मनकर्णाबाईंकडे वळले.

"आता आणा पाणी."

लटारूंना कंठ फुटला. "पाणीच काय, जेवूनच जा साहेब. जेवले का विषय संपला."

"नाई भाऊ," आत्राम म्हणाले. "तुमचं जेवणच तर इतकी वर्षं माझ्या रजिस्टरात बसलं होतं. सोमवारी आधी पत्र आणून द्या. मंग मी जेवतो. नाईतर पुढच्या मोहिमेत हेच वॉरंट परत माझ्याच हातात." गाडीवर बसताना त्यांना आठवलं. "अन् देवरावभाऊ, तुमचा झारा मुद्देमालाच्या खोलीत हाय. अपिलाची मुदत सरली का कोर्टात अर्ज करा, परत मिळन."

"जंग चढला असन त्याले," देवराव म्हणाले.

"चढू दे," लटारू म्हणाले. "तो घरी आला का मी पंगतीत दूरच बसीन."

सगळे हसत मांडवाकडे परत आले, आणि तेव्हा वास आला.

इतक्या वर्षांत देवराव शिजता भात सोडून कधी हलले नव्हते. गंजाखाली जाळ तसाच होता. त्यांनी झाकण उघडलं, वाकून पाहिलं आणि तसेच उभे राहिले. वरचा भात पांढरा होता, पण वास सगळ्यात शिरला होता. दुसरा भात घालायला वेळ नव्हता. पानं मांडली गेली होती.

वरोऱ्याच्या तिघी पहिल्या पंगतीत बसल्या. लटारू भाताची टोपली घेऊन फिरले, आणि शेवटी स्वतः पान मांडून बसले. देवराव समोर उभे होते, हातात उसना झारा. पंगतीत ज्यांना जुनी तेरवी आठवत होती त्यांचे घास हातातच राहिले.

लटारूंनी शीत दोन बोटांत दाबलं. मग घास केला, चावला, गिळला.

"थोडा आण अजून," ते म्हणाले.

सोमवारी, मुलगी सासरी गेल्यावर, दोघे मोटारसायकलवर कोर्टात गेले, पत्र घेतलं आणि ठाण्यात नेऊन दिलं. आत्रामांनी रजिस्टरातल्या ओळीवर लाल रेघ मारली. देवरावांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग त्यांनी सोबत आणलेला डबा टेबलावर ठेवला. त्यात वडे होते, आणि भात नवा केलेला होता.